'सौजन्य : इंटरनेट' हा इसम राहतो तरी कुठे?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

पेपरात बिननावाने छापल्या जाणाऱ्या फोटोंबद्दलचं हे पत्र लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त मधला अळीचा भाग तेवढा ठेवा कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालंय.

मी पाथर्डी फाट्याकडे राहतो. रो हाऊस आहे, पुढे गाडीपुरती जागा आणि मागे दहा बाय बाराचा तुकडा, त्यात हिने कढीपत्ता, लिंबू, गुलाब, जास्वंद, तगर असं जे काय बसेल ते बसवलंय. अंबडच्या एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि डाय बनवायच्या खात्यात, ३१ वर्षं काढली. रिटायर झाल्यावर मुलीने विचारलं बाबा आता काय करणार, तर एमजी रोडवरून एक सेकंडहँड कॅमेरा घेऊन आलो. खरं तर पक्ष्यांचे फोटो काढायचे होते, नांदूरमध्यमेश्वरला दोनदा जाऊनही आलो, पण तिथे लोकांच्या लेन्सा बघितल्या आणि माझी १८-५५ची साधी लेन्स पिशवीतच ठेवून दिली. (२०२० मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं, तेव्हापासून तर शनिवार-रविवारी गर्दीच असते.) मग कोणीतरी सांगितलं की तीच लेन्स एक रिंग लावून उलटी बसवा, मुंगी हत्तीएवढी दिसेल. रिंग काही फार महाग नव्हती. उलटी लेन्स, फ्लॅशवर दुधाची पिशवी धुऊन ताणून बांधलेली, आणि गुडघ्याखाली जुनी उशी, एवढ्या सामानावर गेली काही वर्षं मी मागच्या दारी बसतोय, आणि एक सांगतो, अजून ते दहा बाय बारा बघून संपलेलं नाही.

आता टूलरूमवाल्याला हे काम का जमलं तर इथे सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. एवढ्या जवळून फोटो काढताना एखादा मिलिमीटर काय तो शार्प येतो, बाकी सगळं धूसर, म्हणजे अळीचा डोळा धरला तर पाय गेले. श्वास रोखून पुढेमागे सरकायचं. मायक्रोमीटर फिरवून फिरवून हाताला सवय होती.

पहिल्या पावसाळ्यात गुलाबाच्या पानांना गोल गोल भोकं दिसायला लागली. हिचा संशय शेजारच्या पोरावर, म्हणे शाळेचं पंचिंग मशीन घेऊन खेळतो. मी ते पान हातात घेऊन बघितलं तर ब्लँकिंग डायने, म्हणजे पत्र्यातून चकती कापायच्या साच्याने काढावा तसा तुकडा काढलेला, काठाला बर म्हणजे कापल्यावर राहते ती कच नाही काही नाही. दोन दिवस सकाळी बसून राहिलो तेव्हा एक माशी सापडली, मधमाशीच्याच जातीतली, पानाच्या काठावर बसायची, तोंडाने कापत कापत स्वतःभोवती फिरायची आणि तुकडा सुटला की तो पोटाखाली धरून उडायची. कुठे जाते बघितलं तर भिंतीत पूर्वी नळाचा क्लँप होता त्या भोकात. आत ती पानांच्या सुरळ्या करून ठेवते आणि प्रत्येकीत एकेक अंडं घालते. पोराची मी माफी मागितली नाही कारण त्याला आरोपच कळवलेला नव्हता, पण हिने त्याला लाडू दिला.

मग मीटरच्या बॉक्सखाली मातीचं मडकं निघालं. बोराएवढं, पण मडकंच, गळा अरुंद आणि काठ बाहेर वळवलेला. कुंभारीण माशीचं. रीडिंगवाल्याचा हात लागून एक फुटलं तेव्हा आतलं दिसलं, सात-आठ हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या, जिवंत पण हलता न येणाऱ्या, आणि वर छताला एका बारीक धाग्याने टांगलेलं तिचं अंडं. पिल्लू बाहेर येईपर्यंत जेवण ताजं राहायला पाहिजे म्हणून डंख मारून त्यांना नुसतं बधिर करायचं, मारायचं नाही. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला सांगू. पण कारागिरी म्हणाल तर पहिल्या नंबरची.

कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडलीय असं समजून ही पान धुवायला निघाली तर ती शीट चालायला लागली. लाइम बटरफ्लायची अळी ती. लहान असताना शीटेसारखीच दिसते, म्हणजे पक्षी खात नाहीत, आणि मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. काडी लावली तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे सगळं फोडणीच्या कढीपत्त्यावर, गॅसपासून चार पावलांवर चाललेलं.

आणि मुंगी. एक लाल मुंगी मला फार आवडली म्हणून तिचे चाळीसेक फोटो काढले आणि आयनॅचरलिस्टवर टाकले. तिथे जगभरातले लोक नोंदी टाकतात, फोटो, तारीख, जागा, आणि जाणकार मंडळी नाव सांगतात. माझ्या मुंगीखाली एकाने एवढंच लिहिलं होतं की पाय मोजा. मोजले. आठ. तो कोळी निघाला, मुंगीचं सोंग घेणारा, पुढची जोडी वर धरून मिशांसारखी हलवतो म्हणून सहाच पाय वाटतात. साठीतल्या माणसाला कोणीतरी पाय मोजा म्हणतं आणि तो मोजतो आणि खरंच आठ निघतात, ह्यात जी मजा आहे ती मला प्रमोशनच्या दिवशीही आली नव्हती.

तर आता अळी.

ऑगस्ट २०२२. तगरीची एक फांदी वाऱ्याने लोंबायला लागली म्हणून हिने ती लाल लोकरीने बांधली होती, नातीच्या टोपीची उरलेली लोकर. त्याच फांदीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी बसलेली. ओलिअँडर हॉकमॉथ म्हणतात, कण्हेर-तगर खाणारा पतंग, मोठा झाला की मिलिटरीच्या गणवेशासारखे हिरवे पट्टे असतात त्याला. अळी नुसती बसली असताना साधी दिसते पण तिला धोका वाटला की डोकं खाली दुमडून घेते आणि मग डोक्यामागचे दोन निळे-पांढरे ठिपके एकदम डोळ्यांसारखे वटारतात. समोरच्या पक्ष्याला वाटावं बाप रे, साप. खरं तर ती काहीच करत नाही, चावत नाही, डंख नाही, खाजसुद्धा येत नाही, माझ्या मनगटावरून चाललीय. तो वटारलेला क्षण पकडायला मला सहा सकाळी लागल्या. सहाव्या दिवशी पाऊस नुकता थांबलेला, पानावर थेंब, उजेड मऊ, आणि तिने डोळे दाखवले. एक फोटो. नंतर तिचा रंग मातकट व्हायला लागला आणि ती खाली उतरून पाचोळ्यात गेली, कोष करायला.

फोटो मी फेसबुकवर टाकला, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आणि 'तगर, नाशिक, ऑगस्ट'. दोनशे-अडीचशे लाइक आले, माझ्यासाठी ती दिवाळीच.

त्याच्या पुढच्या महिन्यात ती घोणस अळीची साथ आली, आठवत असेल तुम्हाला. अळीची नाही, मेसेजची साथ. उसावर नाहीतर कपाशीवर एक अळी आलीय, चावली की पाच मिनिटांत माणूस खलास, सोबत मेलेल्या माणसांचे फोटो. ते बिचारे वीज पडून गेलेले होते हे नंतर बाहेर आलं. खरी घोणस अळी वेगळी, तिच्या अंगावर विषारी काटे असतात, लागले तर भयंकर आग होते, चिकटपट्टी लावून काटे काढायचे, बर्फ लावायचा आणि डॉक्टरला दाखवायचं, पण पाच मिनिटांत मरण वगैरे काही नाही, कृषी खात्यालाही तेव्हा तसं सांगत फिरावं लागलं. तर एका संध्याकाळी हिच्या भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज आला. ही मला मोबाईल दाखवते, अहो ही बघा काय भयंकर अळी, आणि मी बघतो तर निळे डोळे, पावसाचा थेंब, आणि पानामागे लाल लोकर.

माझी अळी. आमच्या मागच्या दारची. खालची पट्टी कापलेली, नाव गेलं, नाशिक गेलं, त्या जागी लाल अक्षरात 'सावधान'.

हिने लगेच ग्रुपवर लिहिलं की हा फोटो आमच्या ह्यांनी काढलाय, ही निरुपद्रवी आहे. त्यावर एका बाईंचं उत्तर आलं, ताई रिस्क कशाला घ्यायची, तगर तोडून टाका. आणि खरंच, दोन दिवसांनी आमच्या लाइनीच्या टोकाला दत्ताच्या देवळाशेजारी जी जुनी तगर होती ती कोणीतरी खोडापासून कापली. तिथे एक आजी रोज सकाळी परडी घेऊन फुलं वेचायच्या. मला भेटल्या तर विचारतात, का हो भाऊ, त्या झाडाला काय झालं होतं? काय सांगणार, आजी, झाडाला काही नव्हतं झालं, माझ्या फोटोला झालं होतं.

चोरी म्हटलं की लोकांना पैसे आठवतात. काका तुमचे काय पैसे गेले का? नाही गेले. मी फोटो विकत नाही, विकले तर कोण घेणार. पण फोटोवरून नाव, गाव आणि तारीख काढली की तो फोटो मोकाट सुटतो, त्याच्या तोंडी कोणीही काहीही घालावं. माझ्या फोटोखाली 'तगर, नाशिक, ऑगस्ट' एवढं राहिलं असतं ना, तर तो उसावरची खुनी अळी म्हणून फिरलाच नसता.

त्यानंतर मुलीने गूगल लेन्सवर तो फोटो टाकून बघायला शिकवलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं. एका पेजवर ती केरळातली होती, एका व्हिडिओच्या थंबनेलवर ती ब्राझीलची होती. गिरणारेकडे जाताना औषधाच्या एका दुकानावर फ्लेक्स दिसला, टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा नायनाट, आणि त्यावर लाल फुली मारलेली कोण, तर आमचीच. टोमॅटोची अळी दिसते कशी हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, तो हसला असेल मनातल्या मनात. मी गाडी थांबवून आत गेलो, म्हटलं दादा हा फोटो माझा आहे आणि ही अळी टोमॅटोची नाही. ते म्हणाले, काका डिझाइनवाल्याने टाकला, छान आलाय ना? आता यावर काय बोलायचं. छान आलाय हे खरंच होतं.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट त्यानंतरची, मागच्या पावसाळ्यातली. एका पेपरच्या पुरवणीत, तुमच्या नाही, नाव घेत नाही, पाऊण पानाचा लेख आला, पावसाळ्यातली जीवसृष्टी का असंच काहीतरी. वर मोठ्ठा माझा फोटो. मजकुरात लिहिलेलं, सह्याद्रीच्या घनदाट अरण्यात आढळणारी ही दुर्मिळ अळी. घनदाट अरण्यात लाल लोकर कुठून आली हे छापणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आणि फोटोच्या खाली बारीक टायपात, 'छाया सौजन्य : इंटरनेट'.

साहेब, मी तो पेपर घेऊन बराच वेळ बसून होतो. हा इंटरनेट म्हणजे कोण माणूस? गुडघ्याखाली उशी घेऊन सहा सकाळी बसला होता का तो? त्याला डास चावले का? सौजन्य म्हणायला समोर कोणीतरी सुजन लागतो, ज्याने आपणहून दिलं. इथे न विचारता उचललं आणि वर सौजन्य, म्हणजे बाजारात खिसा कापायचा आणि पाकिटावर लिहायचं 'सौजन्य : रविवार कारंजा'.

फोन केला. पलीकडून बोलणारा मुलगा चांगला होता, उर्मट नव्हता हे आवर्जून सांगतो. म्हणाला, काका गूगलवरून घेतला, गूगलवरचं सगळं फ्री असतं ना. म्हटलं बाळा, गूगल म्हणजे खिडकी आहे रे, खिडकीतून दिसतं ते सगळं आपलं असतं का? म्हणाला, तुमचं नाव नव्हतं त्याच्यावर. म्हटलं कापलेलं होतं. मग म्हणाला, नाव नव्हतं म्हणूनच तर इंटरनेट लिहिलं. आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचंही बरोबर, डेस्कवर एकटा, रात्री नऊची डेडलाइन, चार पानं लावायची, फोटोला बजेट शून्य. दोन ओळींची दुरुस्ती छापतो म्हणाला. ती काही आली नाही. कदाचित वरून कोणी नको म्हणालं असेल.

आमच्या मित्राचा मुलगा वकील आहे, त्याला चहाला बोलावून विचारलं. मला वाटायचं कॉपीराइट म्हणजे सिनेमावाल्यांचं काम, कुठेतरी नोंदणी करावी लागते, फी असते. तसं नाहीये. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात फोटो काढणारा तोच कर्ता आणि सहसा तोच पहिला मालक, बटण दाबलं की हक्क सुरू, नोंदणी ऐच्छिक आहे. (पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं वेगळं, लग्नातले फोटो वेगळं काही ठरलेलं नसेल तर पैसे देणाऱ्याचे, हे फोटोग्राफर मित्रांना सांगितलं तर तेच चिडले.) कलम ५७ मध्ये तर पैशाचा संबंधच नाही, कामावर आपलं नाव असण्याचा आणि त्याची मोडतोड करून आपली अब्रू घालवू न देण्याचा हक्क, तो फोटो विकून टाकला तरी कर्त्याकडेच राहतो. कलम ६३ खाली मुद्दाम केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच सांगितलंय. दावा मी राहतो तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच कोर्टात लावता येतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. म्हणजे मी गेल्यावरही साठ वर्षं तगरीवरची अळी माझ्या नातीच्या नावावर! रो हाऊसचं कर्ज फिटायला वीस वर्षं लागली आणि ही इस्टेट फुकटात झाली, ही तर हसत सुटली.

वेबसाइटवरून फोटो काढायला लावायचीही सोय आहे, २०१३ च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार केली की ठेवणाऱ्याने ३६ तासांत तो बंद करायचा, पण तक्रार करतानाच लिहून द्यायचं की मी दावा लावून २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणतो. एका अळीसाठी. पोरगा म्हणाला काका, मोठ्या साइटींचे स्वतःचे फॉर्म असतात ते भरा. भरले, अकरा भरले. सात ठिकाणचे गेले, दोन ठिकाणांहून मलाच ईमेल आला की फोटो तुमचा असल्याचा पुरावा द्या. पुरावा म्हणून मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघते ती कच्ची फाइल पाठवली, आणि त्याच्या सोबत दुसरा फोटो, लाल लोकर बांधलेली फांदी आणि शेजारी उभी असलेली ही, हातात उरलेला गुंडा घेऊन. तो पुरावा चालला.

खटला मी करणार नाही. तारखांना जायचं तर मागचं दार कोण बघणार. आणि दुसरं म्हणजे मीही धुतल्या तांदळाचा नाही. पाच-सात वर्षं रोज सकाळी सगळ्या ग्रुपवर शुभ सकाळ टाकायचो, त्यावर सूर्योदयाचे, कमळांचे, कांचनजंगाचे फोटो, एकदाही मनात आलं नाही की हे कोणीतरी थंडीत उभं राहून काढलेत. नातीच्या शाळेच्या प्रोजेक्टला फुलपाखरं मीच प्रिंट करून आणली होती. आता शुभ सकाळ बंद केलंय, दोघा-तिघांनी तब्येत बरी आहे ना म्हणून फोन केले.

लोक म्हणतात नाव मोठं टाका ना फोटोवर, मधोमध. टाकून बघितलं. अळीच्या डोळ्यावर माझं आडनाव. त्यापेक्षा चोरी परवडली. आणि हल्ली मोबाईलवर बोट फिरवलं की नाव पुसलं जातं, मागचं पान होतं तसं भरून येतं. म्हणून आता फोटो छोट्या साइजचे टाकतो आणि रॉ जपून ठेवतो, बाकी उपाय मला तरी सापडलेला नाही.

घरातून पांडवलेणी दिसते, तिच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस, सिनेमा काढायच्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल होईपर्यंत कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपत बसला होता, आणि ते दाखवून त्याने भांडवल उभं केलं. घरातली कुंडी आणि कॅमेरा, बस. तेव्हा नाशिक जिल्ह्यात हे वेड काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही, एवढंच म्हणायचंय. माझी बरोबरी लावतोय असं समजू नका.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. 'सौजन्य : इंटरनेट', 'छाया : गूगल', 'फोटो : सोशल मीडिया' ह्या तीन ओळी तुमच्या ऑफिसात बंद करा. फोटो कोणाचा ते सापडत नसेल तर तो छापू नका, चित्र काढून घ्या, जागा रिकामी सोडा, जाहिरात टाका. आणि किडा-मुंगी, पान-फूल, पक्षी असं काही हवं असेल तर नाशिकमध्ये माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, कोणी म्हसरूळला गच्चीवर बसतं, कोणी गंगापूर धरणावर थंडीत कुडकुडतं, कोणाला पैसे नकोयत, एक मेसेज टाका, रात्री नऊला टाकला तरी दहा मिनिटांत पाठवतील, आणि त्यासोबत तो जीव काय आहे, कुठे होता, काय खात होता हेही सांगतील, म्हणजे तुमचं घनदाट अरण्यही वाचेल. माझं नाव छापायची जागा नसेल तर नका छापू एकवेळ. पण तगर, नाशिक, ऑगस्ट हे तीन शब्द छापा.

त्या डेस्कवरच्या मुलाने हे वाचलं तर त्याला सांगतो, राग नाही. नंबर आहे तुझ्याकडे माझा. ये एकदा सकाळी सातच्या आत, पाय मोजायला शिकवतो.

आपला,
एक हौशी फोटोग्राफर, पाथर्डी फाटा, नाशिक
(नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिलाय, तो मात्र छापू नका.)

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी एक सांगायचं राहिलं. देवळाशेजारची ती तगर बुंध्यापासून फुटलीय, गुडघाभर झाली. काल आजींबरोबर बघायला गेलो तर एका कोवळ्या पानाचा काठ कुरतडलेला आणि खाली काळ्या लेंड्या. अळी दिसली नाही अजून. आजींना म्हटलं, फुलं यायला वेळ लागेल. त्या म्हणाल्या, राहू दे, आधी तिचं पोट भरू दे. फोटो सापडला की पाठवतो.